ट्रंकवालीचं शेवटचं रीळ

सावेडी, मंगळवार, ६ जानेवारी २०२६

बिभ्या,

प्रिय, सप्रेम, साष्टांग, यातलं काहीही नाही. सरळ कामाचं बोलते.

तुझं पुस्तक माझ्या टेबलावर आहे. हुरळू नकोस, विकत घेतलेलं नाही, अजून छापलंही नाही. तुझ्या पुण्याच्या प्रकाशकाला तिकडं टाइपसेटिंग महाग पडतं, म्हणून तो पुस्तकं नगरला छगनकाकांच्या प्रेसमध्ये पाठवतो. तिथं गेलं दीड वर्ष मी पानं लावते आणि प्रुफं तपासते. हे तुला माहीत असायचं काही कारण नाही. तू विचारलंस कुठं.

बिभीषण, 'पडद्यापुढचा मी' हे नाव कुणी सुचवलं रे? आणि खाली बारीक अक्षरात: 'भयपटापासून भक्तिपटापर्यंत, माझ्या आवडीचे एकवीस सिनेमे'. पहिली तीस पानं लावली तेव्हाच कळलं, पडदा कुठं दिसतच नाहीये. सगळीकडे तुझं डोकं मध्ये.

आणि ही यादी! एक भीतीचा, एक प्रेमाचा, एक मारामारीचा, एक देवाचा, एक परदेशी. लग्नात पानावर वाढतात तसं. कुणी नाराज व्हायला नको. आवड अशी असते होय? आवड म्हणजे माणूस एकाच भाजीवर चार भाकरी हाणतो आणि बाकीच्या वाट्यांकडे बघतही नाही.

पहिला नंबर कडीवाल्या पिक्चरचा. तू लिहितोस, 'भय ही माणसाची आदिम भाषा आहे.' मला आठवतं ते असं, की नेहमीचा शनिवार, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आपण सहाजण बसलोय, समोर पप्पांचा जुना पडदा, आणि पडद्यावर दाराची कडी नुसती हलली तर तू माझी ओढणी तोंडात कोंबलीस. आदिम भाषेत फक्त 'आई गं' एवढंच बोललास. ओढणीला भोक पडलं.

मारामारीवाल्याबद्दल 'हिंसेचं नृत्यात्म व्याकरण' म्हणे. आपण तो पाहिला तेव्हा निळ्या वहीत रेघा मारत होतो, हिरोनं किती माणसं आडवी केली ते मोजायला. एकेचाळीस. जो उठून परत मार खातो तो दोनदा धरायचा का, यावर आपलं एवढं भांडण झालं की क्लायमॅक्स कुणी पाहिलाच नाही. हे का नाही लिहिलंस? लाज वाटली?

परदेशीवाल्यावर नऊ पानं. तोच तो, म्हातारा बर्फात कुंपण रंगवतो तो. नऊ पानांत 'अवकाश' हा शब्द सव्वीस वेळा. मी मोजलाय, मला पगार त्याचाच मिळतो. तू तेव्हा घोरत होतास. शेवटी दिवे लागल्यावर डोळे चोळत विचारलंस, "रंग पुरला का त्याला?" बिभ्या, तो एक प्रश्न तुझ्या या एकशे ऐंशी पानांपेक्षा भारी होता. पुस्तकात नाहीये.

आपण सगळ्या पिक्चरांचं लिहून ठेवायचो ती निळी वही आठवड्यासाठी नेतो म्हणालास, त्याला दोन वर्षं झाली. वही गेली, शनिवार गेले, तुझं चॅनल सुरू झालं. असो. मला त्याचं काही नाही. (इथं दोन वाक्यं खोडलीत. उजेडात धरून वाचू नकोस.)

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, तो उघडणार नाही. पुण्याचा पत्ता मला माहीत नाही आणि प्रकाशकाकडे मागणारही नाही. म्हणून हे शेवगावला, तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. संक्रांतीला जाशील तेव्हा मिळेल.

तुझ्या चुका काढणारी,
दीना


सावेडी, शुक्रवार, ९ जानेवारी

बिभ्या,

सातव्या नंबरला पोचले. पान एकसष्ट. विभाग 'कौटुंबिक'. आपली ट्रंकवाली.

तू लिहितोस: 'शेवटी ती डोक्यावर ट्रंक घेऊन कालव्याच्या भरावावरून चालत राहते. दिग्दर्शक तिला कुठंही पोचवत नाही. तिथंच सिनेमा संपतो.'

वाक्य चांगलं आहे. म्हणून तर डोकं फिरलं.

कारण सिनेमा तिथं संपत नाही. पुढं वीस-बावीस मिनिटं आहेत. नवरा अंथरूण धरतो, त्याचा निरोप येतो, ती ट्रंक घेऊन माघारी येते, त्याचे पाय धुते आणि उंबऱ्यावर मरते. मागं बायका गातात. अख्खा पिक्चर मोबाईलवर मिळतो, मी दोनदा बघितलाय. तू एकदाही बघितलेला नाहीस. आणि कुठं पाहिला म्हणून जे ठोकून दिलंयस, ते मी इथं परत लिहीत पण नाही.

तो पिक्चर भरावावर फक्त एका ठिकाणी संपायचा. शांतवन साळवेच्या तंबूत.

माझा बाप बावीस वर्षं टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर होता. जत्रा जिथं, तंबू तिथं. ट्रंकवाली भरावावर चालायला लागली की पप्पा मशीन थांबवायचे, शेवटची दोन रिळं डब्यातच. त्यांना तो पाय धुण्याचा शेवट पटला नव्हता म्हणून. हे मी तुम्हा सगळ्यांना शंभरदा सांगितलंय. त्यावर कथा लिहिली, कॉलेजच्या अंकात आली, तुला ती तोंडपाठ होती. तंबू बंद झाला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. म्हणजे हा शेवट तू कुठून आणलास हे मला कुणी सांगायची गरज नाही. माझ्या बापाकडून उचललास, आणि नाव घ्यायची पण दानत नाही.

पप्पांना मी ते अख्खं पान वाचून दाखवलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अजून काठी घेऊन चालतात. (तुला कळवलं होतं. आला नाहीस. असो.) ऐकून म्हणाले, "चांगलं लिहितो पोरगं."

"पप्पा, चोरलंय त्यानं."

"मग चांगलं चोरलंय."

तर ऐक. पानं छपाईला जाणार शुक्रवारी, २३ तारखेला, दुपारी दोनला. त्याच्या आत इथं ये. पप्पांसमोर बस आणि सांग की हा शेवट तुमचा आहे. पुस्तकात त्यांचं नाव घाल. मग मी पान एकसष्ट दुरुस्त करते. नाही आलास तर आहे तसं जाऊ देते. ज्यांनी हा पिक्चर पाहिलाय अशी म्हातारी माणसं अजून पुष्कळ आहेत. ती तुला फाडून खातील, आणि मी चहा पीत कमेंटी वाचीन.

दीना


सावेडी, गुरुवार, १५ जानेवारी

संक्रांतीला तू गावी गेला नाहीस.

मला कसं कळलं विचारू नकोस. काल दुपारी तू लाइव्ह होतास, 'सणाला कुटुंबासोबत बघायचे पाच सिनेमे'. मागं पुस्तकांचं कपाट, बाजूला कुंडी. कुटुंब काही दिसलं नाही. चव्वेचाळीस मिनिटं बोललास. मी सगळं बघितलं असं नाही, मध्ये गॅस बंद करायला उठले होते.

हे पत्र कुठं टाकू? गावी पाठवून उपयोग नाही. ड्रॉवरमध्ये ठेवतेय.

आठ दिवस राहिलेत.


सावेडी, सोमवार, १९ जानेवारी

बिभीषण,

हे प्रुफांच्या पाकिटात घालून तुझ्या प्रकाशकाकडे जातंय, उद्या तुझ्या हातात पडेल. आधीची तिन्ही पत्रंही आत आहेत. दोन तुझ्या आईनं परत आणून दिली. तारखेप्रमाणे वाच, मग पुढचं वाच.

काल रविवारी आम्ही चर्चमधून आलो तर दारात एक बाई बसलेल्या. हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बिभाची दीना का तू?"

मी म्हटलं, "शांतवन साळवेंची दीना."

"व्हय, तीच. मी लंकाबाई. बिभाची आई. पानी दे आधी, सकाळच्या गाडीनं निघालेय."

तुझी आई मी पहिल्यांदा बघितली, बिभ्या. पाच वर्षं शनिवारी शनिवारी भेटत होतो आपण, आणि तू एकदा पण नेलं नाहीस. तुला काय वाटलं, मी काय केलं असतं? व्याकरण काढलं असतं त्यांचं?

पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून माझी पत्रं काढली. "तुझी पत्रं फोडली मी. माझ्या दारात आल्ती, मला वाटलं माझीच. शेजारच्या रेश्मानं वाचली, नववीला हाय. लई शिव्या दिल्यात गं माझ्या लेकाला."

मी रिकामा पेला उचलला, मान खाली.

"दी की, दी. त्याला देनारं कोन तरी पायजेच. पर एक खोटं लिवलंस तू. त्यानं न्हाई चोरला. त्यो पिच्चर मी सांगितलाय त्याला. मी भाकऱ्या थापायची, आन् त्यो रोज म्हनायचा, आई गोष्ट सांग. मला दुसरी गोष्टच येत नव्हती."

मग पप्पांकडे वळल्या. पप्पा खुर्चीत, काठी मांडीवर. "तुमीच का त्ये आपरेटर?"

"मीच तो."

"मी बघितला तुमच्या तंबूत. आमच्या जत्रंत. बिभा काखंत हुता, सालाचा बी न्हाई. एवडाच एक पिच्चर बघितला मी जल्मात. दादा, एक इचारू? सत्तावीस वर्सं झाली, डोस्क्यात बसलंय. ती बाई पुढं गेली कुठं? म्हायेरी का?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. पण पप्पांना खोटं बोलता येत नाही, निदान पिक्चरबद्दल तरी. म्हणाले, "माघारी आली. नवऱ्याचे पाय धुतले आन् मेली."

"मेली?" लंकामावशी म्हणाल्या. "काय रोग झालता?"

"रोग काही नाही. तशीच."

"तशीच कसं मरतं मानूस?"

"पिक्चरमध्ये मरतं, बाई."

"मंग आमाला का न्हाई दावलं?"

मी पुढं झाले. म्हटलं, पप्पांना तो शेवट मान्य नव्हता मावशी, त्यांना वाटायचं की... पप्पा म्हणाले, "गप गं. कसलं मान्य न् अमान्य. जत्रेत तीन खेळ बसवायचे असायचे. मालक म्हणायचा, शेवटची दोन रिळं लावू नको, जनरेटरला डिझेल जळतं. एका पिक्चरचं नाही, सगळ्याच पिक्चरचं तसं करायचो. फक्त देवाच्या पिक्चरला हात लावायचो नाही. देव प्रकट झाल्याशिवाय लोक उठत नाहीत."

हसू नकोस. मी सहा वर्षं हे लोकांना सांगत फिरले. माझा बाप कसा नगर जिल्ह्यातला पहिला समीक्षक. कॉलेजच्या अंकात चार पानं खरडली, बक्षीस घेतलं. आणि एकदाही त्यांना विचारलं नाही की पप्पा, का हो थांबवायचात? म्हणजे तुझ्यात न् माझ्यात फरक एवढाच, की तुझं पुस्तक झालं.

मला वाटलं आता मावशी चिडतील, किंवा रडतील. त्या एवढ्या जोरात हसल्या की पप्पांची काठी खाली पडली. "डिझेल! आगं बया! आन् मी त्याच्यावर घर सोडलं की वो!"

मग त्यांनी सांगितलं, आणि हे तुला माहीत असेलच, तरी मी लिहितेय. तू एकसष्टाव्या पानावर लिहिलं नाहीस म्हणून लिहितेय. त्याच वर्षी दसऱ्याला मुकादम दारात आला. सगळं घर कारखान्यावर ऊसतोडीला निघालेलं, पोराला उसाच्या फडात झोळीत टाकायचं ठरलेलं. मावशींनी ट्रंक उचलली. त्यांचेच शब्द देते: "सासू म्हनली, निघालीस कुठं? म्हनलं, कालव्याकडं. तिला काय कळना. शेवगावात आईकडं आले. तिथून पुढं काय करायचं त्ये पिच्चरमदी दावलंच नव्हतं, मंग माझं मीच करीत गेले. शाळंत खिचडी शिजवायला लागले, म्हंजी पोरगं बी डोळ्यासमोर शाळंत."

पप्पा म्हणाले, "म्हणजे बरं झालं म्हणायचं."

"बरं झालं की. पाय धुताना बघितलं असतं, तर मी बी गेले असते मागारी, पाय धुवायला. आडानी व्हते."

मग मांडी सारखी करून त्या माझ्याकडं वळल्या. "आता वाच. कुठं बघितला म्हनून कायतरी ठोकून दिलंय म्हनतीस ना तू पत्रात? त्येच ऐकाया आले. काय लिवलंय माझ्या बिभानं?"

प्रुफं घरीच होती, रविवारी तपासायला आणलेली. पान एकसष्ट काढलं. तू काय लिहिलंयस तुला आठवतंय ना? मला आता पाठ झालंय. 'मी हा सिनेमा पुण्यात एका जुन्या प्रिंटवर, निवडक रसिकांसोबत पाहिला. आमच्या घरात सिनेमाचं वातावरण नव्हतं.'

'मी हा सिनेमा' इथपर्यंत मोठ्यानं वाचलं. पुढचं दिसत होतं. समोर त्या बसलेल्या, पदर सारखा केलेला, हात मांडीवर. फोटो काढायला बसतात तशा.

मी तुझा एवढा तिरस्कार कधीच केला नव्हता, वही नेलीस तेव्हा पण नाही. मनात आलं, वाचावं. आहे तसं वाचावं. तुझ्या आईच्या तोंडावर तुझं वातावरण वाचावं आणि मग तुला सविस्तर पत्र लिहावं. दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच.

नाही वाचलं.

'मी हा सिनेमा' नंतर मी बोलत गेले. कागदावर डोळे ठेवून, जे तू लिहायला पाहिजे होतंस ते. किती वेळ बोलले माहीत नाही. मध्ये पान उलटल्यासारखं केलं. पप्पांनी आधी ऐकलेलं होतं, त्यांना पहिल्याच वाक्याला कळलं असणार. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

संपलं तेव्हा मावशी पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "आसं लिवलंय?"

"हो."

"माजं नाव बी हाय?"

"आहे ना. ऐकलं की तुम्ही."

"फोनवर तर धड बोलत न्हाई मेला. हां, हूं, ठेवतो." आणि कागदाच्या त्या पानावरून हात फिरवला. जिथं त्यांचं नाव नाहीये तिथूनच.

जेवून गेल्या. जाताना दारात पप्पांना म्हणाल्या, "दादा, बघा बरं मला येतंय का." आणि मी जे बोलले होते ते सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, न अडखळता म्हणून दाखवलं. एकदा ऐकलेलं. पिक्चर पण त्यांनी एकदाच बघितला होता. एका जागी मी चुकीचा शब्द वापरला होता, तो त्यांनी सुधारून घेतला. पुस्तक आलं की शाळेत गुरुजींकडून सगळ्या पोरांसमोर वाचून घेणार आहेत. गुरुजींना सांगूनही ठेवलंय.

तर आता असं आहे.

'पुण्यात एका जुन्या प्रिंटवर' पासून 'वातावरण नव्हतं' पर्यंत मी उडवलंय. अधिकार नाही मला, माहितीये. छगनकाकांकडं तक्रार कर. त्या जागी अकरा ओळी मोकळ्या सोडल्यात. मी काय बोलले ते मला आठवतंय, पण तुला सांगणार नाही. फुकट मिळालं की तू काय करतोस ते मी एकवीस वेळा वाचलंय.

तुला ते आता एकाच माणसाकडं मिळेल, तुझ्या आईकडं. शेवगावला जा. दुपारी खिचडीची भांडी घासून झाल्यावर त्या मोकळ्या असतात. समोर बस, आणि त्या सांगतील ते तुझ्या हातानं लिहून घे. 'अवकाश' वगैरे घालायचं नाही. शुक्रवारी दोनच्या आत मला दे. फोटो नको, कागद पाहिजे. प्रेस सावेडी नाक्याच्या पुढं, कुणीही सांगेल. मी आतल्या खोलीत असते. भेटलंच पाहिजे असं नाही, काउंटरवर ठेवलास तरी चालेल.

नाही आलास तर मी स्वतः काही भरणार नाही. अकरा ओळी कोऱ्याच छापीन. मग शाळेत गुरुजी त्या पानावर आले, की लंकामावशींना ते वाचून दाखवायला तूच जा.

दीना